पाचशे ब्याऐंशी, दोनदा

रॉकेलच्या ट्रेमध्ये हात बुडवला की थंडी आधी पेरांत शिरते, मग नखांखाली. तासाभराने हात आपला आहे की शेजाऱ्याचा, तेही सांगता येत नाही.

*

दाढ काढता काढता दातांचा डॉक्टर विचारतो, "काय, सुट्टीत कुठे जाणार?" उत्तर त्याला नकोच असतं.

*

लोखंडावर नंबर ठोकायच्या पंचांचा जुना संच. शून्य ते आठ. नऊ नसतो, सहा उलटा धरायचा. आठाच्या पंचाला खालच्या गोलात बारीक खाच, एकदा कडक पोलादावर मारला गेला तेव्हाची.

*

प्रवेश अर्ज, रकाना सातवा: सोबत येणाऱ्या व्यक्ती. आडवी रेघ. पट्टी लावून मारलेली.

*

"हॅलो" म्हणायला अर्धा सेकंद पुरतो.

*

साडू म्हणजे काय, तर एकाच सासऱ्याने वेगवेगळ्या दिवशी गंडवलेली दोन माणसं. हा विनोद ज्या दोघांनी मिळून रचला, त्यांच्यातला एक त्या रविवारी जुन्या मोटरसायकलींच्या प्रदर्शनात जागा क्रमांक नऊवर उभा होता आणि दुसरा एकतीसवर.

*

नऊवर उभा होता त्याला कारखान्यात दोनसूत म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. टूलरूममध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली, आणि त्या चौतीस वर्षांत समोर जे काही येईल ते एक डोळा मिटून बघायचं आणि म्हणायचं, "दोन सूत कमी आहे." दरवाजा दोन सूत कमी, टेबल दोन सूत कमी. एकदा नवे मॅनेजर आले, त्यांच्याकडेही एक डोळा मिटून बघितलं. सगळी टूलरूम खाली मान घालून हसली, आणि नाव कायम झालं.

एकतीसवर उभा होता तो दातांचा डॉक्टर. दोनसूत त्याला दातवाला म्हणायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी: दोनसूतची थोरली, दातवाल्याची धाकटी.

होती, म्हणायला हवं. थोरली जाऊन सात वर्षं झाली.

चौदा हिवाळ्यांपूर्वी या दोघांना एकाच भंगारवाल्याकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षीच्या दोन मोटरसायकली सापडल्या. गंजलेल्या, उंदरांनी सीटचा भुसा केलेला. "बायका एका घरातल्या, गाड्याही एका घरातल्या," दातवाला म्हणाला, आणि दोघांनी एकेक उचलली. तो अख्खा हिवाळा दोन्ही गाड्या दोनसूतच्या गॅरेजात सुट्या होऊन पडल्या. दर रविवारी दातवाला यायचा, जुना स्वेटर घालायचा, स्टोव्ह पेटवायचा, आणि दोघं संध्याकाळपर्यंत एका ट्रेमध्ये चार हात घालून पुर्जे धूत बसायचे. माणसाच्या तोंडात बोटं घालून पोट भरणारा आणि मशीनच्या तोंडात बोटं घालून पोट भरणारा, अशी ती जोडी. त्या हिवाळ्यात "अहो साडू"चं "अरे साड्या" झालं.

मग थोरली गेली.

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. भांडण झालंच नाही. दिवसकार्य झालं, पहिल्या वर्षी येणं-जाणं राहिलं, मग नुसते फोन, मग दोन फोनांच्या मधलं अंतर वाढत गेलं. बायको गेल्यावर साडू नक्की कोण लागतो, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. दोनसूतच्या बाजूचं कारण दोनसूतला ठाऊक होतं. तिकडे फोन केला की मेहुणी उचलायची. तिचं "हॅलो" आणि तिच्या गेलेल्या बहिणीचं "हॅलो" यात दोन सुतांचाही फरक नव्हता. एकदा ते ऐकून त्याने काही न बोलता फोन ठेवून दिला. पुन्हा केला नाही. दातवाल्याच्या बाजूचं कारण मात्र त्याला माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी प्रदर्शनाची छापील यादी त्याच्या हाती आली आणि तीत एकतीस क्रमांकावर दातवाला दिसला. आयुष्यात कधी प्रदर्शनाला न गेलेल्या दोनसूतने त्याच दिवशी अर्ज भरला. यादी छापून झाली होती, पण कोणीतरी नाव मागे घेतल्याने नववी जागा रिकामी होती. ती मिळाली. म्हणजे दातवाल्याला कळायला मार्ग नव्हता. दोनसूतला तेच हवं होतं. त्याने मनाशी सगळं मांडून ठेवलं होतं: आपण गाडी पुसत खाली बसलेलो असू, दातवाला फिरत फिरत येईल, बघेल, आणि हॉल दणाणेल असा ओरडेल, "अरे साड्या!"

त्यासाठी तो आला होता. गाडी हे निमित्त.

सव्वाआठ ते अकरा

हॉल म्हणजे विमान मावेल एवढी पत्र्याची शेड. छताला हीटर टांगलेले, त्यांची ऊब छतालाच. खाली सिमेंटची जमीन, गार, बुटाच्या तळव्यातून वर चढणारी. प्रत्येक गाडीखाली रबरी चटई, तेल ठिबकलं तर जमीन खराब होऊ नये म्हणून. जुन्या गाडीखाली तेल नसेल तर तिच्यात तेलच नसेल, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

शेजारच्या दहाव्या जागेवर साइडकारवाला होता. साइडकारमध्ये बसून तो सकाळपासून खात होता.

"एकटेच?" त्याने विचारलं.

"एकटाच."

"बरं आहे. माझ्या घरचे पहिल्या वर्षी आले होते. दुसऱ्या वर्षी म्हणाले, गाडीचे फोटो घेऊन या."

लोक येत होते, जात होते. मफलर गुंडाळलेले बाप मुलांना सांगत होते, आमच्याकडे होती अशी. दर तीन बापांतल्या दोघांकडे होती. दोनसूत पुसलेली टाकी पुन्हा पुसत होता आणि दर वेळी बूट वाजले की मान खालीच ठेवून थांबत होता, ओरडा ऐकायला.

साडेनऊ. दहा. साडेदहा.

हॉलच्या त्या टोकाला एकसारखी निळी जाकिटं घातलेल्या माणसांचा घोळका दिसत होता. कुठल्याशा क्लबची मंडळी. मधूनच तिकडून हसण्याचा लोट यायचा. त्यातलं एक हसणं त्याला ओळखू यायचं.

अकरा

तपासनीस बाई आल्या. हातात टॉर्च, काठीला बसवलेला छोटा आरसा, खिशात थिनरची बाटली आणि चिंधी. वय चाळिशीचं, बोलणं तडकाफडकी.

"नंबर बघू द्या. हा रंग कोणी फासलाय? भिंत रंगवल्यासारखा?"

"मीच. चौदा वर्षं झाली."

"नंबरावरच?"

"सगळीकडे बसला, तसा तिथेही बसला."

त्यांनी थिनर लावून चंदेरी रंगाचा थर पुसून काढला. टॉर्च मारली. मग चॅसिवर टॉर्च मारली. मग परत इंजिनावर.

"चॅसिवर शेवटचे आकडे ४१७. इंजिनावर ५८२. या मॉडेलला दोन्ही एकच असतात."

"असं कसं होईल?"

"ते मी तुम्हाला विचारायचंय, तुम्ही मला नाही." बाईंनी वही उघडली. "आणि ५८२ सकाळीच पास झालंय. आमच्या दुसऱ्या माणसाने तपासलंय. जागा एकतीस."

दोनसूतचा हात टाकीवर होता तसाच राहिला.

बाई पुढे बरंच बोलल्या. इंजिन बदललेलं असलं तर चालतं, लिहून द्यायचं. पण कारखान्यातून एका नंबरची दोन इंजिनं निघत नाहीत. म्हणजे या दोघांपैकी एकावरचा नंबर कोणीतरी घरी ठोकलेला आहे. ठोकलेला सापडला की गाडी नोंदवहीतून बाद आणि मालकही बाद, कायमचा. चारला वही बंद होते. तोवर दोघांनी मिळून काय ते सांगावं, नाहीतर दोन्ही गाड्या अडकतील.

यातलं एक अक्षरही दोनसूतच्या कानात शिरलं नाही. त्याच्या कानात एकतीस हा आकडा शिरला आणि त्याने मागे दार लावून घेतलं.

"एकतीसवाल्यांना ओळखता का तुम्ही?"

"साडू आहेत माझे."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "घरातलंच प्रकरण आहे."

नऊ ते एकतीस, चालत

नऊ. इंजिनं बदलली गेली. त्या हिवाळ्यात. टेबलावर शेजारी शेजारी दोन इंजिनं, दोन्हींना एकाच डब्यातला चंदेरी रंग, आणि उचलताना याचं त्याला, त्याचं याला. हसू फुटलं त्याला. साइडकारवाल्याने खाणं थांबवून बघितलं.

अकरा. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे दोन सूत काढले, आणि स्वतःच्या गाडीचा नंबर एकदाही वाचला नाही! दातवाला पोट धरधरून हसेल.

चौदा. म्हणजे चौदा वर्षं आपण त्याच्या इंजिनावर फिरतोय. आणि तो आपल्या. आणि दोघांनाही पत्ता नाही. सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही, आणि रोज एकमेकांच्या मांडीखाली.

सतरा. कारण मिळालं. आता जायला कारण मिळालं. "कसं काय, सहज आलो" असं म्हणायला नको. "माझं इंजिन दे, चोरा," असं म्हणायचं. सरळ.

एकोणीस. दोन्ही खाली काढायची, अदलाबदल करायची. एका माणसाचं काम नव्हे, दोघं लागतात. एक उचलतो, एक बोल्ट घालतो. दोन रविवार. घाई नाही केली तर तीन. स्टोव्हमध्ये वात नवी घालायला हवी.

बावीस. इथे त्याने एका तीनचाकी गाडीच्या मालकाला विनाकारण नमस्कार केला.

पंचवीस. तो वाकून बघेल त्याच्या गाडीतल्या इंजिनावर, आणि तिथे सापडेल ४१७.

सव्वीस.

सव्वीसवर तो थांबला.

आपल्याकडे ५८२ आहे, तर तिकडे ४१७ असायला हवं. बाई म्हणाल्या, तिकडे ५८२ पास झालं. बाई म्हणाल्या, कोणीतरी घरी ठोकलेला आहे. आता ते सगळं ऐकू आलं, एकेक शब्द, पंधरा मिनिटं उशिरा.

सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस या जागांवर कोणत्या गाड्या होत्या, हे त्याला आठवत नाही.

एकतीस

दातवाल्याचे केस पांढरे झाले होते आणि दात अजून जाहिरातीतल्यासारखे होते. निळं जाकीट. गाडी आरशासारखी. तो कोणाला तरी कार्बोरेटर समजावत होता, आणि समजावता समजावता त्याची नजर दोनसूतवर पडली. तोंड उघडं राहिलं. मग दात दिसले.

"अरे वा! तुम्ही? या, या ना!"

तुम्ही.

"आलो सहज," दोनसूत म्हणाला.

निळ्या जाकिटांपैकी एकाने विचारलं, "कोण हे, डॉक्टर?"

दातवाल्याने क्षणभर शब्द शोधला. "हे आमचे... नात्यातले आहेत."

नात्यातले. दोनसूतने मान हलवली. मग जे करायला आला होता ते केलं: एक गुडघा जमिनीला टेकवला, खिशातला चष्मा चढवला, आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला वाकून बघितलं.

५८२.

खालची जागा घासलेली होती. साधा माणूस घासतो तशी कानशीने ओढलेली नाही. बारीक, गोल, कुठेही कड न ठेवता, दाढ भरल्यावर ती जिभेला लागू नये म्हणून घासतात तशी. त्यावर तीन आकडे. आणि मधल्या आठाच्या खालच्या गोलात एक बारीक खाच.

पंच त्याचेच होते. त्या हिवाळ्यात दातवाल्याकडे राहिले होते, कशासाठी नेले होते तेही आठवत नाही. आपल्याकडून नेलेली वस्तू आहे म्हणजे माणूस परत येणार, असं धरून त्याने ते कधी मागितले नव्हते.

वर बघितलं. दातवाला त्याच्याकडेच बघत होता. निळी जाकिटं काहीतरी बोलत होती, हा त्यांना "हो, हो" म्हणत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत होता.

"चहा घेऊ या," दातवाला म्हणाला.

चहाचं टेबल

"किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"नंबर घासून."

"कुठला नंबर?"

"दातवाले, मी फिटर आहे."

"चार."

"चांगलं घासलंय. बोट फिरवलं तरी लागत नाही."

"दवाखान्यातल्या मशीनने."

"आणि पंच माझे."

"तुझेच."

"आठाला खाच आहे त्यातल्या."

"तेव्हा दिसली नाही."

"चष्मा लावायचास."

"क्लबमध्ये शिरायचं तर नंबर जुळायला लागतो. मी रंग काढला, बघतो तर ४१७. एका मिनिटात लक्षात आलं काय झालं असणार ते. हसलो मी. एकटाच, गॅरेजात. खूप हसलो. मग फोन घेतला हातात."

"मग?"

"मग वाटलं, बोलायचं काय? ताई जाऊन तीन वर्षं. त्यातली दीड वर्षं मी तुला फोन केलेला नाही. आणि आता करायचा तो इंजिनासाठी? तू म्हणाला असतास, वा, माणूस जिवंत आहे की मेला ते विचारलं नाही, इंजिन पाहिजे झालं तेव्हा बरी आठवण आली."

"म्हणालो असतो."

"बघ!"

"म्हणालो असतो, आणि पाने-पक्कड घेऊन आलो असतो. त्याच दुपारी. चहा गार होतोय तुझा."

"दीड वर्षं का नाही केला फोन, तेही मला नीट सांगता येणार नाही. तुझ्याकडे आलं की ती खुर्ची रिकामी दिसायची. मग घरी गेल्यावर बायको रडायची. मग वाटायचं, पुढच्या महिन्यात जाऊ. पण तूही नाही केलास."

"नाही."

"का?"

"साखर जास्त आहे यात."

"साड्या, का नाही केलास?"

"ते सोड. तिकडे बाई चारपर्यंत थांबल्यात. एकाच नंबराची दोन इंजिनं आहेत म्हणतात. कोणाचं खरं ते सांगायचंय."

"त्यांना कळलंय?"

"नंबर एकच आहे एवढं कळलंय. ठोकलेला कोणाचा ते नाही. माझी चॅसि जुळत नाही, म्हणून संशय माझ्यावर."

"तू काही बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस. मी येतो चारच्या आत. मी सांगतो त्यांना."

"बाद करतील. कायमचं."

"करू देत. चार वर्षं रोज तो आठ बघतोय मी. माझं मी निस्तरतो. आणि मग दोन्ही इंजिनं खाली काढू. तुझ्या गॅरेजात. जागा आहे ना?"

"आहे."

"स्टोव्ह?"

"आहे."

"पुढच्या रविवारी."

"ये."

"येतो. चारला. नऊ नंबर ना?"

"नऊ."

दोन ते चार

दोनसूत परत आला तेव्हा त्याच्या चटईवर तेलाचे तीन थेंब पडले होते. त्याने ते पुसले.

तीनला त्याने डोक्यात स्टोव्हची वात बदलली, टेबलाची उजवी बाजू रिकामी केली. सव्वातीनला त्याच्या लक्षात आलं की टेबलाखालचा दुसरा स्टूल त्याने मागच्या वर्षी शेजाऱ्याला दिलाय. तो परत मागायला हवा.

"कोणाची वाट बघताय?" साइडकारवाल्याने विचारलं. तो आता थर्मासमधून काहीतरी पीत होता.

"साडू यायचेत."

"साडू? मग बसा खाली. आमचे साडू दहा मिनिटांत येतो म्हणून गेले, ते नातवाच्या बारशालाच उगवले. माझ्या नातवाच्या."

दोनसूत मनापासून हसला. सकाळपासून दुसऱ्यांदा.

तीन चाळीसला लाउडस्पीकर खरखरला. उत्कृष्ट जतन, पहिला क्रमांक, जागा एकतीस. टाळ्या तिकडेच वाजल्या. गर्दी तिकडे सरकली. दोनसूत चवड्यांवर उभा राहिला. माणसांच्या डोक्यांवरून निळी जाकिटं दिसत होती, गाडीच्या हँडलला कोणीतरी लाल फीत बांधत होतं, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या केसांचं डोकं होतं. ते डोकं वळलं. हॉलच्या या टोकापर्यंत बघितलं. दोघांची नजर भेटली, एवढ्या लांबून जेवढी भेटते तेवढी. दातवाल्याने हात वर केला, पाचही बोटं पसरून. पाच मिनिटं.

दोनसूतनेही हात वर केला.

मग फोटो काढणाऱ्याने दातवाल्याच्या खांद्याला धरून त्याला गाडीकडे वळवलं.

तीन पंचावन्न.

चार.

चार पाच. बाई आल्या. "काय ठरलं?"

"येतायत. पाच मिनिटं."

बाईंनी घड्याळात बघितलं, वही काखेत मारली, आणि साइडकारच्या नंबरात उगाच डोकं घातलं. बाई तडकाफडकी असल्या तरी मनाने वाईट नव्हत्या.

चार पंधरा. हॉलच्या मधल्या रांगेतले दिवे मालवायला सुरुवात झाली. एकतीसवर अजून उजेड होता. तिथे आता क्लबचा सगळा घोळका गाडीमागे ओळीने उभा होता, आणि फोटो काढणारा त्यांना जवळ सरकायला सांगत होता. दातवाला मध्ये होता. हसत होता. त्याने पुन्हा इकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलेल्या माणसाची मान कशी ताठ राहते, ते दोनसूतला इतक्या लांबूनही मोजता आलं.

चार वीस.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात. ओठाला दात लागला तर कोर्टात जात नाहीत.

दातवाला येणार नाही, हे दोनसूतला चार पंधरालाच कळलं होतं. पुढची पाच मिनिटं तो दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होता. आज संध्याकाळी दातवाला घरी जाईल. मेहुणी दार उघडेल. एक तर तिला लाल फीत दिसेल, नाहीतर नवऱ्याला खोटा नंबर ठोकल्याबद्दल हाकलल्याचं कळेल. ऐकून ती काहीतरी म्हणेल. काय म्हणेल ते त्याला सांगता आलं नसतं, पण कुठल्या आवाजात म्हणेल ते त्याला पक्कं माहीत होतं. तो आवाज असा काही बोलताना त्याला नको होता.

"बाई," तो म्हणाला. "माझाच ठोकलेला आहे."

बाई वळल्या. त्यांनी टॉर्च काढली, खाली बसल्या, त्याच्या इंजिनावरचे आकडे पुन्हा निरखले. बराच वेळ.

"हा ठसा कारखान्याचा वाटतोय मला."

"मी फिटर आहे. चौतीस वर्षं. हात साफ आहे माझा."

"रंगाखाली एवढा जुना गंज कसा मग?"

"तोही जमतो."

"एकतीसवालं एकदा स्वतः बघून येऊ का मी?"

"कशाला? त्यांचं पास झालंय ना."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या बुटांकडे, पुसून पुसून गुळगुळीत झालेल्या टाकीकडे, अर्जावरच्या सातव्या रकान्यातल्या रेघेकडे.

"पुन्हा इथे गाडी लावता येणार नाही तुम्हाला. कुठल्याच वर्षी. माहीत आहे ना?"

"सांगितलंत तुम्ही."

"लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. त्याने सही केली.

साइडकारवाल्याने सगळं ऐकलं होतं. तो साइडकारमधून बाहेर आला, दोनसूतच्या गाडीला मागून हात लावला आणि दारापर्यंत ढकलत आला. उताराशी म्हणाला, "जपून जा. रस्त्यावर दव पडलंय." आणि परत गेला.

पाच

बाहेर उजेड संपत आला होता. हवा अशी की श्वास घेतला की नाकाच्या आतला केस न् केस कळावा. दोनसूतने मफलर दोनदा गुंडाळला, हातमोजे चढवले, पेट्रोल सोडलं, किक मारली. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्या किकला इंजिन खोकलं. तिसऱ्याला लागलं.

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, इंजिन तापेपर्यंत. गार इंजिनावर गाडी पळवायची नसते. हॉलचं मोठं दार उघडं होतं, माणसं बाहेर पडत होती, निळी जाकिटंही पडत होती, एकेक, दोनदोन. त्याने मोजली नाहीत. इंजिन तापायला तीन मिनिटं लागतात. तो सहा मिनिटं थांबला.

मग निघाला. सिग्नलला पाय टेकला, हिरवा झाला, उचलला. पुलावर वारा आडवा आला. वळणावर त्याने नेहमीसारखी गाडी थोडी उजवीकडे झुकवली, कारण ही गाडी डावीकडे ओढते, चौदा वर्षं ओढतेय. चॅसि दोन सूत वाकडी असणार असं तो आजवर धरून चालला होता. चॅसि सरळ होती. हे इंजिन दुसऱ्या चॅसित बसून झिजलेलं होतं, या चॅसित ते तिरकं बसत होतं.

घराच्या गल्लीत शेजाऱ्याच्या दारात दुसरा स्टूल दिसला. शेजारी त्यावर बसून बूट काढत होता. दोनसूतने हात केला आणि पुढे गेला.

गॅरेजचं दार उघडलं, गाडी आत घेतली, स्टँडवर लावली. इंजिन गार होताना टिकटिकत होतं. ते थांबेपर्यंत तो अंधारात उभा राहिला.

चौदा वर्षांपूर्वी, हिवाळा संपता संपता, दोन्ही गाड्या एकाच रविवारी सकाळी सव्वाअकराला सुरू झाल्या, आधी दातवाल्याची, मग दोनसूतची.